स्वयंपाकघरातला पाला आणि सशाचे पोट

भाजी निवडताना बाजूला पडणारा पाला, देठ आणि साली पाहिल्या की घरात ससा असलेल्या माणसाला साहजिकच वाटते, हे फेकायचे कशाला, सशाला घालावे. हा विचार अर्धा बरोबर आहे. मुळ्याचा पाला, गाजराची हिरवी पाने, फ्लॉवरची बाहेरची पाने, कोथिंबिरीच्या काड्या हे सशासाठी उत्तम ओले खाद्य आहे आणि ते कचऱ्यात जाणे ही खरोखर नासाडी आहे. परंतु त्याच टोपलीत कांद्याची पात, बटाट्याचे कोंब, पावाचे तुकडे आणि उरलेला भातही पडलेला असतो, आणि या दुसऱ्या गटातल्या काही वस्तू सशाच्या जिवावर बेतू शकतात. काय चालते आणि काय चालत नाही याच्या याद्या पुष्कळ मिळतात. नुसत्या यादीवर विसंबणे मात्र मला अपुरे वाटते, कारण यादीत सुरक्षित म्हणून नोंदलेली पानेसुद्धा चुकीच्या प्रमाणात दिली तर ससा आजारी पडतो. सशाच्या पोटात अन्नाचे काय होते हे एकदा नीट समजले, की यादीतला जवळजवळ प्रत्येक नियम आपला आपल्यालाच सुचू लागतो. म्हणून सुरुवात पोटापासून करू.

ससा गवत खाणारा प्राणी आहे, पण तो गाईसारखा रवंथ करत नाही. गाईच्या पोटात अन्न आधी सूक्ष्मजीवांच्या ताब्यात जाते, तिथे ते आंबते, आणि नंतर खऱ्या जठरात येऊन पचते. सशात हा क्रम उलटा आहे. अन्न प्रथम जठरात जाते, तिथून लहान आतड्यात जाते, तिथे साखर, प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ यांतले जे सहज पचण्यासारखे असेल ते शोषले जाते, आणि मागे उरलेला चोथा लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावर येतो. या सांध्यावर एक मोठी, एका टोकाला बंद असलेली पिशवी असते. तिला अंधनाल म्हणतात. माणसात हा अवयव अगदी लहान आणि दुर्लक्षित असतो. सशात मात्र संपूर्ण पचनमार्गातल्या ऐवजापैकी सुमारे ४० टक्के ऐवज एकट्या अंधनालात साठलेला असतो, आणि त्याच्या आत सूक्ष्मजीवांची प्रचंड वसाहत रात्रंदिवस काम करत असते.

सगळाच चोथा या पिशवीत जात नाही, आणि सशाच्या आहाराचे मर्म इथेच आहे. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात चोथ्याची विभागणी होते. पीठ चाळताना कोंडा वर राहावा आणि बारीक पीठ खाली उतरावे, तसे जाडेभरडे तंतू एका बाजूला काढले जातात आणि बारीक कण व द्रवपदार्थ मागे फिरवून अंधनालात ढकलले जातात. जाड तंतू पचत नाहीत. ते पुढे सरकतात, त्यांतले पाणी शोषले जाते आणि आपल्या ओळखीच्या गोल, कोरड्या लेंड्यांच्या रूपाने ते बाहेर पडतात. निरोगी ससा अशा लेंड्या दिवसाला दोन-तीनशे सहज टाकतो. अंधनालात शिरलेल्या बारीक भागावर सूक्ष्मजीव तुटून पडतात. त्यांनी तयार केलेली मेदाम्ले आतड्याच्या भिंतीतून रक्तात जातात आणि सशाला ऊर्जा देतात. त्यांनीच तयार केलेली प्रथिने, बी गटातील जीवनसत्त्वे आणि के जीवनसत्त्व मात्र तिथून पुरेसे शोषले जात नाही, कारण शोषणाचे मुख्य ठिकाण, म्हणजे लहान आतडे, मागे राहून गेलेले असते.

या अडचणीवर सशाने काढलेला मार्ग असा, की अंधनालातला हा पौष्टिक ऐवज तो मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घोसासारख्या चिकटलेल्या लेंड्यांच्या रूपाने बाहेर टाकतो आणि टाकताक्षणी थेट तोंडात घेऊन न चावता गिळतो. या मऊ लेंड्यांभोवती बुळबुळीत पातळ आवरण असते, त्यामुळे जठरातल्या तीव्र आम्लातही त्या काही तास टिकतात आणि नंतर लहान आतड्यात पचतात. ससा हे बहुधा निवांत बसलेला असताना करतो, म्हणून पुष्कळ लोकांनी वर्षानुवर्षे ससा पाळूनही ते कधी पाहिलेले नसते. आणि ज्यांनी पाहिलेले असते ते घाबरून त्याला थांबवायला जातात. त्याला थांबवू नये. ही त्याची सवय त्याच्या पोषणाचा आवश्यक भाग आहे आणि तिच्याशिवाय तो कुपोषित होईल.

आता या यंत्रणेत जाड तंतूंचे काम काय, ते पाहा. त्यांच्यापासून सशाला ऊर्जा जवळजवळ मिळत नाही, तरी आतड्याची हालचाल चालू ठेवण्याचे काम तेच करतात. ते सतत पुढे सरकत राहिले तरच आतडे आकुंचन पावत राहते आणि अंधनाल वेळेवर भरते व रिकामे होते. तंतू कमी पडले की हालचाल मंदावते, अन्न एका जागी रेंगाळते, आणि त्यातच पिष्टमय किंवा गोड पदार्थ जास्त असतील तर लहान आतड्यात न पचलेला अंश अंधनालात उतरून तिथल्या सूक्ष्मजीवांचा तोल बिघडवतो. उपयोगी जातींची जागा वायू करणाऱ्या आणि विष तयार करणाऱ्या जाती घेतात. पोट फुगते, दुखते. दुखते म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून हालचाल आणखी मंदावते. सशाला उलटी करता येत नाही. त्यामुळे एकदा पोटात गेलेली चुकीची वस्तू बाहेर टाकण्याचा जो सोपा मार्ग कुत्र्याला किंवा मांजराला असतो, तो त्याला मुळीच उपलब्ध नाही.

दातांचीही कथा अशीच आहे. सशाला एकूण २८ दात असतात आणि ते सगळे, पटाशीचे तसेच दाढांसकट, आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे दात आठवड्याला सुमारे २ ते ३ मिलिमीटर वाढतात. गवत चावताना सशाचा जबडा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा आडवा सरकतो आणि दाढा एकमेकींवर घासून झिजतात. गवतात मुळातच असलेला सिलिकाही या झिजेला मदत करतो. मऊ पान दोन-चार चाव्यांत संपते, दाणे किंवा गोळीखाद्य नुसते दाबून फोडले जाते, आणि या दोन्हींत ते आडवे घासणे फारसे होत नाही. मग दाढांच्या कडांना टोके फुटतात आणि ती जिभेला किंवा गालाला टोचू लागतात. अशा सशाला भूक असते, तो खाद्याजवळ येतो, हुंगतो आणि न खाता मागे फिरतो. मालकाला वाटते त्याला ती भाजी आवडत नाही.

या दोन्ही कारणांमुळे प्रौढ सशाच्या आहाराचा सुमारे ८० ते ८५ टक्के भाग गवत किंवा वाळलेले गवत हाच असावा आणि ते त्याला दिवसरात्र, हवे तितके उपलब्ध असावे. स्वयंपाकघरातला पाला त्याच्या जोडीला येतो, त्याच्या जागी नाही. हे वाक्य सगळीकडे सांगितले जाते, पण ते का पटत नाही याचे कारण असे, की डोळ्यांना पाल्याचा ढीग गवताएवढाच, किंबहुना अधिक भरीव दिसतो. म्हणून थोडा हिशेब करून पाहू.

ताज्या हिरव्या पाल्यात साधारण ९० टक्के पाणी असते. लेट्यूस आणि काकडी यांत तर ते ९५ टक्क्यांच्या आसपास जाते. वाळलेल्या गवतात पाणी जेमतेम १० ते १२ टक्के असते. दोन किलो वजनाच्या प्रौढ सशाला दिवसाला पाणी वगळून ६० ते ८० ग्रॅम कोरडे अन्न लागते असे धरले, तर केवळ पाल्यावर ही गरज भागवायला त्याला रोज ६०० ते ८०० ग्रॅम पाला खावा लागेल, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ३० ते ४० टक्के. इतके खाऊनही त्यात जाड, चिवट तंतू फारसे नसतील, कारण भाजीची पाने आपण माणसांनी कोवळी, रसाळ आणि कमी तंतूंची असावीत म्हणूनच पिढ्यानपिढ्या निवडत आणलेली आहेत. उलट त्याच सशाला दिवसाला १०० ग्रॅम पाला दिला, तर त्यातून सुमारे १० ग्रॅम कोरडे अन्न आणि ९० ग्रॅम पाणी मिळते, पोटात गवतासाठी भरपूर जागा उरते आणि चवीत बदलही होतो. म्हणूनच वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक भरगच्च मूठ, म्हणजे अंदाजे ५० ग्रॅम पाला, हे प्रमाण मला सुरक्षित आणि लक्षात ठेवायला सोपे वाटते. तो दोन वेळांत विभागून, सकाळी आणि संध्याकाळी द्यावा, कारण पहाट आणि तिन्हीसांजेच्या सुमारास ससा सर्वांत तरतरीत असतो. आधी गवत पुढे ठेवून मग पाला दिला तर आणखी चांगले.

पाल्यातले हे पाणी तोट्याचे मुळीच नाही. सशाला त्याच्या आकाराच्या मानाने बरेच पाणी लागते, दर किलोमागे दिवसाला साधारण ५० ते १५० मिलिलिटर, आणि केवळ कोरडे गवत व गोळीखाद्य खाणारे काही ससे पुरेसे पाणी पीत नाहीत. धुतलेला ओलसर पाला ही तूट भरून काढतो आणि लघवी पातळ राहते. पाला दिला म्हणून पाण्याचे भांडे काढून मात्र घेऊ नये.

पाल्याचा एवढा विचार करावा लागतो, यावर एक रास्त आक्षेप येतो, की पूर्वी लोक ससे घरातल्या उरल्यासुरल्यावरच वाढवत असत आणि त्यांचे काही बिघडत नसे. हे खरे आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४० साली मांसाचे शिधावाटप सुरू झाल्यावर अनेक कुटुंबांनी घरामागे ससे पाळले आणि त्यांना भाजीचा टाकाऊ भाग, बागेतले तण आणि रस्त्याकडेचे गवत घातले. पण ते ससे मांसासाठी पाळलेले होते आणि त्यांतले बहुतेक काही महिन्यांचे झाले की मारले जात. दाढांची टोके, मूत्राशयात साठणारा चुना, वाढलेली चरबी हे विकार व्हायला वेळ लागतो. तो वेळ त्या सशांना मिळतच नसे. घरात सोबतीला पाळलेला ससा चांगली काळजी घेतली तर ८ ते १२ वर्षे जगतो, आणि त्याच्या आहाराचा विचार इतक्या वर्षांच्या हिशेबाने करावा लागतो. शिवाय त्या काळच्या सशांच्या पुढ्यात गवत आणि तण भरपूर असे, ही गोष्ट आठवणीतून नेमकी गळून जाते.

आता प्रत्यक्ष टोपलीकडे वळू. सशासाठी सर्वांत सोयीचा भाग म्हणजे आपण मुळासाठी किंवा गड्ड्यासाठी विकत घेतलेल्या भाजीची पाने. मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, फ्लॉवर आणि ब्रोकोलीची बाहेरची पाने व त्यांच्या शिरा, नवलकोलाची पाने, सेलरीची पाने, हिरव्या कणसावरची ओली पाने यांपैकी बरीचशी आपण एरवी टाकूनच देतो. कोथिंबीर, पुदिना, पार्सली यांच्या जून काड्या माणसाला नकोशा असतात, पण सशाला त्यांतला चिवटपणा उपयोगी पडतो. सेलरीच्या देठांना लांब धागे असतात, म्हणून ते बोटाच्या पेराएवढे कापून द्यावेत. रोज एकाच पाल्याचा ढीग देण्यापेक्षा दोन-तीन प्रकार थोडे थोडे द्यावेत आणि दर काही दिवसांनी ते बदलावेत. यामागे नुसती हौस नाही. प्रत्येक वनस्पतीत किडीपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी काही ना काही रसायन असते. ते थोडे पोटात गेले तर शरीर त्याचा निचरा करते, मात्र एकच रसायन रोज भरपूर प्रमाणात आले तर ते साचू लागते. वेगवेगळा पाला आलटून पालटून दिला की कोणत्याच एका रसायनाचा भार वाढत नाही.

पालक आणि बीटची पाने हे याचे ठळक उदाहरण. त्यांत ऑक्झॅलेट बरेच असते; ते कॅल्शियमला बांधून ठेवते आणि मूत्रपिंडांवर ताण आणते. आठवड्यातून एक-दोनदा, इतर पाल्यात मिसळून ती दिली तर चालतात, रोज नकोत. कॅल्शियमची गोष्ट यापेक्षाही समजून घेण्यासारखी आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांचे आतडे शरीराच्या गरजेपुरतेच कॅल्शियम आत घेते आणि उरलेले विष्ठेवाटे निघून जाते. सशाचे आतडे अशी काटकसर करत नाही. आहारात जितके जास्त असेल तितके ते जास्त आत घेते, आणि नको असलेले कॅल्शियम मूत्रपिंडांना लघवीवाटे बाहेर टाकावे लागते. म्हणूनच निरोगी सशाची लघवीही थोडी गढूळ असते. कॅल्शियम फार झाले आणि पाणी कमी पडले तर हा गाळ मूत्राशयात साठून दाट होतो, कधी त्याचे खडे बनतात, आणि लघवी करताना सशाला वेदना होतात. पार्सली, केल आणि लसूणघास (म्हणजे अल्फाल्फा हे चाऱ्याचे पीक, लसूण नव्हे) यांत कॅल्शियम भरपूर असते. वाढत्या पिलांना आणि दूध पाजणाऱ्या मादीला लसूणघासाचा फायदा होतो; बसून असणाऱ्या प्रौढ सशाला तो रोजचा आहार म्हणून देऊ नये. याच संदर्भात एक दिलासा देणारी माहिती: बीट, गाजर किंवा काही हिरवा पाला खाल्ल्यानंतर सशाची लघवी नारिंगी, तांबूस किंवा विटकरी होऊ शकते. हा वनस्पतींतल्या रंगद्रव्यांचा परिणाम असतो आणि दोन-तीन दिवसांत तो ओसरतो. मात्र रंगाबरोबर कुंथणे, थेंब-थेंब लघवी होणे किंवा खाणे कमी होणे दिसले तर तो रक्ताचा रंग असू शकतो आणि तपासणी करून घ्यावी.

कोबीच्या कुळाबद्दल, म्हणजे कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, केल यांच्याबद्दल, मते टोकाची असतात. काही जण ते सर्रास देतात, काही जण वायू होतो म्हणून अजिबात देत नाहीत. माझ्या मते दोन्ही टोके टाळावीत. ज्या सशाला पोटभर गवत मिळते आणि ज्याने ही पाने हळूहळू सवयीने खाल्ली आहेत, त्याला एखादे-दुसरे पान सहसा बाधत नाही. ज्याच्या आहारात गवत कमी आहे त्याला मात्र तेच पान त्रास देते. पानाइतकाच दोष इथे गवताच्या कमतरतेचा असतो.

गाजराविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ससा आणि गाजर ही जोडी चित्रांनी आपल्या मनात पक्की बसवली आहे. गाजर हे झाडाने साखर साठवून ठेवलेले मूळ आहे. त्यात सुमारे ८८ टक्के पाणी आणि ४ ते ५ टक्के साखर असते, म्हणजे कोरड्या भागाचा विचार केला तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक साखरच. रानातला ससा मुळे उकरून खात फिरत नाही. त्याच्या दृष्टीने अन्न म्हणजे जमिनीवरची पाने. ससा गाजर आवडीने खातो यात शंका नाही, पण गोड आणि उष्मांकांनी भरलेली वस्तू आवडणे हे ती रोज द्यावी याचे प्रमाण ठरत नाही. दोन-तीन पातळ चकत्या अधूनमधून, हातातून खायला शिकवताना किंवा औषध लपवून देताना दिल्या तर ठीक. गाजर आपण खावे आणि पाला सशाला द्यावा, ही वाटणी दोघांच्याही हिताची आहे.

फळांच्या सालींनाही हाच न्याय लागू होतो. सफरचंदाची साल, केळीचा तुकडा, द्राक्षाचा मणी हे सगळे साखरेचे पदार्थ आहेत आणि त्यांचे माप लहान चमचाभर, तेही रोज नाही, एवढेच असावे. जीवनसत्त्व सी मिळावे म्हणून फळे द्यावीत असा एक समज आहे. तो गिनीपिगच्या बाबतीत खरा आहे, कारण गिनीपिगला हे जीवनसत्त्व बाहेरूनच घ्यावे लागते. सशाचे शरीर ते स्वतः तयार करते. सफरचंदाच्या बिया आणि जर्दाळू, आलुबुखार यांसारख्या फळांच्या कोयी यांत सायनाइड मोकळे करणारे द्रव्य असते, म्हणून त्या काढून टाकाव्यात.

ज्या वस्तू सशाच्या तोंडाशी जाताच कामा नयेत त्यांत पहिले नाव कांदा-लसणाच्या कुळाचे. कांदा, लसूण, लीक, कांद्याची पात यांतली गंधकयुक्त द्रव्ये तांबड्या रक्तपेशी फोडतात आणि रक्तक्षय घडवतात. शिजवल्याने ही द्रव्ये निष्प्रभ होत नाहीत. बटाट्याचे कोंब, हिरवट साली आणि पाने, टोमॅटोचे देठ व पाने, वांग्याचा पाला या सगळ्यांत एकाच कुळातली विषारी अल्कलॉइडे असतात. पिकलेल्या टोमॅटोचा छोटा तुकडा चालतो, पण त्याची हिरवी टोपी काढून. बटाट्याचा पांढरा गर विषारी नसला तरी तो निव्वळ पिष्ट आहे, म्हणून तोही नको. ॲव्होकाडोचे फळ, साल आणि पाने यांतले पर्सिन हे द्रव्य सशाच्या हृदयाच्या स्नायूंना इजा करते. रुबार्बच्या पानांत ऑक्झॅलेट धोकादायक प्रमाणात असते. राजम्यासारख्या कडधान्यांच्या कच्च्या दाण्यांत आतड्याला इजा करणारी प्रथिने असतात. चॉकलेट तर सशाच्या आसपासही नसावे.

शिजवलेले अन्न विषारी नसते, म्हणून त्याबाबत लोक सैल असतात, आणि माझ्या दृष्टीने स्वयंपाकघरातला मोठा धोका तिथेच आहे. भात, पाव, बिस्किटे, उकडलेले मक्याचे दाणे यांतले शिजलेले पिष्ट सूक्ष्मजीवांना आयते मिळते, तेल-मिठाची सशाला गरज नसते, आणि शिजवल्याने उरलेसुरले तंतूही मऊ होऊन जातात. पावाचा एक तुकडा खाऊन ससा मरत नाही, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी दुसरा तुकडा दिला जातो. या सवयीचा परिणाम काही महिन्यांनी लठ्ठपणात, मऊ लेंड्या बुडाला चिकटून राहण्यात आणि शेवटी पोट बंद पडण्यात दिसतो, तेव्हा पावाच्या तुकड्याशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही.

कोणता पाला द्यायचा हे ठरल्यावर तो कसा सांभाळायचा हेही ठरवायला हवे. पाला निवडण्याची योग्य जागा म्हणजे चिरण्याची पाटी. एकदा सगळे एका टोपलीत पडले की कांद्याचे तुकडे आणि ओलसर चिकट साली त्यात मिसळतात आणि नंतर निवडलेले नीट निवडले जात नाही. म्हणून भाजी चिरताना सशासाठी वेगळे भांडे जवळ ठेवावे. पाला वाहत्या पाण्याखाली नीट धुवावा, विशेषतः देठांच्या बेचक्यात, कारण माती आणि फवारणीचे अवशेष तिथे राहतात; बाहेरच्या पानांवर फवारणी जास्त बसते, म्हणून ती जास्त काळजीने धुवावीत. थोडा सुकलेला, मान टाकलेला पाला चालतो. पिवळा पडलेला, काळे डाग आलेला, बुळबुळीत झालेला किंवा आंबूस वास येणारा पाला देऊ नये, आणि बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढे पान खुडून बाकीचे देण्याऐवजी त्याला लागून असलेला सगळाच ओला ढीग बाजूला करावा, कारण बुरशीचे विष डोळ्यांना दिसते त्यापेक्षा दूरवर पसरलेले असते. ओल्या पाल्याचा दाबून ठेवलेला ढीग काही तासांत आतून गरम होतो, म्हणजेच तो आंबू लागतो. यंत्राने कापलेले हिरवळीचे बारीक गवत याच कारणाने सशाला घालू नये, जरी तेच गवत उभे असताना त्याने खाल्लेले चालत असले तरी. पाला पसरट भांड्यात मोकळा ठेवावा, शीतकपाटातून काढला असेल तर थोडा वेळ बाहेर ठेवून द्यावा, आणि सशाने न खाल्लेला भाग काही तासांनी उचलून घ्यावा.

नवा पाला सुरू करताना घाई करू नये. अंधनालातली वसाहत ज्या आहारावर वाढलेली असते त्याच आहाराला ती सरावलेली असते आणि तिला नव्याशी जुळवून घ्यायला दिवस लागतात. एका वेळी एकच नवा प्रकार, तोही एखाद-दोन पाने इतकाच द्यावा, पुढचे दोन दिवस लेंड्या पाहाव्यात, आणि त्या नेहमीसारख्या असतील तर प्रमाण हळूहळू वाढवावे. एकाच दिवशी चार नवी पाने दिली आणि पोट बिघडले, तर कोणत्या पानाने बिघडवले हे कळण्याचा मार्गच राहत नाही.

पिलांच्या बाबतीत ही काळजी दुपटीने घ्यावी लागते. आईच्या दुधावर असताना पिलाच्या जठरातले आम्ल सौम्य असते आणि दुधातलीच काही मेदाम्ले त्याचे जंतूंपासून रक्षण करतात. तिसऱ्या आठवड्यापासून ते गवत कुरतडू लागते, दूध तुटत जाते, आईच्या दुधाचे संरक्षण संपते, आणि प्रौढ सशाचे तीव्र आम्ल तयार व्हायला अजून अवकाश असतो. साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यातल्या या मधल्या काळात जुलाब झाले तर पिलू एका दिवसातही दगावू शकते. त्यामुळे गवत सुरुवातीपासून पुढ्यात असू द्यावे, आणि स्वयंपाकघरातला पाला साधारण तीन महिन्यांनंतर, एकेका पानाने सुरू करावा. ज्या पिलाने आईजवळ असताना तिच्याबरोबर ताजी पाने खाल्ली आहेत त्याला ती अचानक बंद करण्याची गरज नाही, पण नव्या घरी आणल्यावर पहिले एक-दोन आठवडे आहार जुनाच ठेवावा.

आहार जमतो आहे की नाही हे सांगणारी सर्वांत विश्वासार्ह गोष्ट म्हणजे लेंड्या, आणि त्या रोज पाहण्याची सवय लावून घ्यावी. आकाराने सारख्या, गोल, कोरड्या आणि चुरगाळल्यावर गवताचे कण दिसणाऱ्या लेंड्या म्हणजे सगळे ठीक चालले आहे. त्या लहान, कडक किंवा वेड्यावाकड्या होऊ लागल्या तर तंतू किंवा पाणी कमी पडते आहे. मऊ लेंड्यांचे घोस पिंजऱ्यात न खाता पडलेले किंवा बुडाच्या केसांत चिकटलेले दिसले, तर बहुधा आहार गरजेपेक्षा पौष्टिक झाला आहे. गोळीखाद्य, फळे आणि पाला काही दिवस कमी करून गवत वाढवले की हा त्रास बऱ्याचदा थांबतो. लठ्ठपणामुळे किंवा पाठदुखीमुळे मान मागे वळत नसेल तरीही असे होते. बूड घाण राहू देऊ नये, कारण माश्या तिथे अंडी घालतात आणि अळ्या काही तासांत कातडीत शिरतात. पाण्यासारखे जुलाब हा मात्र वेगळा, तातडीचा प्रकार आहे आणि तिथे घरगुती बदल करत थांबू नये.

ससा १० ते १२ तास काही खात नसेल किंवा त्याने तेवढ्या वेळात एकही लेंडी टाकली नसेल, तर त्याला त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर पशुवैद्याकडे न्यावे. कोपऱ्यात पाठ वाकवून बसणे, दात करकर वाजवणे, पोट घट्ट लागणे, आवडते पान पुढे केले तरी तोंड फिरवणे ही वेदनेची लक्षणे आहेत. ससा दुबळेपणा लपवणारा प्राणी असल्याने ती दिसतात तोवर दुखणे बरेच पुढे गेलेले असते. जाताना त्याला उबदार ठेवावे, पाणी आणि गवत सोबत घ्यावे, घरात असलेले माणसाचे वेदनाशामक त्याला देऊ नये, आणि आतड्यात अडथळा आहे की नाही हे तपासल्याशिवाय त्याला जबरदस्तीने भरवू नये. गेल्या दोन दिवसांत त्याने कोणता पाला, कोणती साल आणि कोणते उरलेले अन्न किती खाल्ले हे कागदावर लिहून न्यावे आणि शेवटच्या लेंड्या कागदात गुंडाळून सोबत ठेवाव्यात, कारण निदानाची सुरुवात याच दोन गोष्टींपासून होते.